आठ तासांच्या सुताची किंमत

व्यवसायातील नीतीवरच्या पुस्तकांत उदाहरणे बहुधा घोटाळ्यांची असतात. लेखापरीक्षकाने डोळे झाकले, औषध कंपनीने दुष्परिणाम लपवले, कारखान्याने रात्रीत नदीत विष सोडले. अशी उदाहरणे हवीतच, पण त्यांतून शिकायला फारसे मिळत नाही, कारण तिथे चूक कोणती हे आधीच ठाऊक असते. खोटे बोलू नये हे कळायला सिद्धांत लागत नाही. खरा पेच पडतो तो सचोटीने चाललेल्या धंद्यात. हेतू चांगला, हिशेब चोख, माणसे निःस्वार्थी, आणि तरीही त्या धंद्यात राबणाऱ्या कुणाचे तरी पोट भरत नाही. तिथे दोष कुणाला द्यायचा, आणि निर्णय कोणत्या टोकाकडून घ्यायला सुरुवात करायची? हा प्रश्न 1935 साली वर्ध्यात ऐरणीवर आला. त्याचे उत्तर शोधण्याचा एक प्रयोग वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत झाला. नीतीचे मोठमोठे सिद्धांत व्यवहारात कुठे टिकतात आणि कुठे थकतात हे त्या प्रयोगात जसे दिसते, तसे परदेशी कंपन्यांच्या गाजलेल्या प्रकरणांत दिसत नाही, असे माझे मत आहे.

विनोबा भावे 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वर्ध्याचा आश्रम सोडून नालवाडीला राहायला आले. नालवाडी हे प्रामुख्याने दलित वस्तीचे खेडे होते. 1934 मध्ये ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले, पुढच्या वर्षी गोपाळराव वाळुंजकरांनी तिथे चर्मालय सुरू केले. जवळच वर्ध्यात जमनालाल बजाजांची पेढी होती, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ होता आणि या सगळ्यांना जोडणारा अखिल भारत चरखा संघ होता. हा संघ 1925 साली पाटण्यात स्थापन झाला. त्याला चळवळीची संघटना म्हणतात ते बरोबरच आहे, पण रोजच्या कामात तो एक प्रचंड व्यापार होता. गावोगावच्या बायांकडून सूत विकत घ्यायचे, विणकराकडून कापड विणून घ्यायचे, भांडारातून विकायचे. खरेदी, मजुरी, वाहतूक, विक्री, शिल्लक माल, सगळे काही त्यात होते. फक्त नफा खिशात घालणारा मालक नव्हता.

या व्यापाराच्या तळाशी होती गुंडी. चार फुटांचा एक तार, 160 तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. म्हणजे एका गुंडीत 640 तार, साडेआठशे वारांहून थोडे अधिक सूत. कातणारी बाई गुंडी घेऊन केंद्रावर येई. कार्यकर्ता सुताचा नंबर पाही, समानता पाही, ताण देऊन मजबुती पाही आणि त्याप्रमाणे पैसे देई. वरवर पाहता यापेक्षा सरळ व्यवहार नाही: जितके काम तितका दाम. पण जरा जवळून पाहिले तर या दरात किती गोष्टी बाईच्या माथी मारल्या आहेत ते कळते. कापसातली घाण नीट निघाली नसेल, पिंजण कच्चे असेल, पेळू सैल वळला असेल, तर तार क्षणोक्षणी तुटतो. चाती वाकडी असेल तर सूत कमी-जास्त पिळाचे येते. या सगळ्यात वेळ जातो तो बाईचा. दर गुंडीवर आहे, तासावर नाही, म्हणून केंद्राच्या वहीत तो वेळ कुठेच उमटत नाही. आज शहरात मोटारसायकलवरून जेवण पोहोचवणाऱ्या मुलांना फेरीमागे पैसे मिळतात. हॉटेलच्या दारात ताटकळण्याचा वेळ त्यांच्याही हिशेबात सहसा पुरता धरला जात नाही. कामावर दर बांधला की कामातली जोखीम कामगाराकडे सरकते.

1935 पूर्वी आठ तास कातून हाती एक-दोन आणे पडत. चरखा संघातल्या लोकांना हे ठाऊक होते, आणि तरी ते योग्य कसे याची मांडणीही त्यांच्याजवळ होती. ती मांडणी हलक्यात घेण्यासारखी नाही. कताई हा पूर्ण धंदा नाही, रिकाम्या वेळातला जोडधंदा आहे, घरात शून्य येत होते तिथे आणा येतो. मजुरी वाढवली तर खादी महाग होईल, गिरणीच्या कापडापुढे टिकणार नाही, आणि आज ज्या हजारो बायांना थोडे मिळते त्यांना उद्या काहीच मिळणार नाही. दरवर्षी खादी थोडी स्वस्त करून दाखवणे हे कार्यकर्त्यांना भूषण वाटे. नीतिशास्त्राच्या भाषेत हा उपयुक्ततावाद आहे. बेंथॅम आणि मिल यांनी घडवलेला, आगरकरांच्या पिढीने आवडीने वाचलेला. कृतीची योग्यता परिणामांवरून ठरवा, आणि परिणाम मोजताना प्रत्येकाचे सुखदुःख सारखे धरा, एवढे त्याचे सार. या विचाराने जगात पुष्कळ भले केले आहे. पण वर्ध्यातल्या हिशेबात त्याचा एक दुबळेपणा उघडा पडतो. बेरीज करणारा माणूस कोणत्या गोष्टी पक्क्या आणि कोणत्या बदलण्याजोग्या धरतो, यावर सगळे उत्तर अवलंबून असते. या बेरजेत कापडाचा भाव पक्का धरला होता, ग्राहकाची आवड पक्की धरली होती, आणि लवचीक असे एकच काही उरले होते: कातणारीचे पोट.

विनोबांनी वाद घातला नाही, सूत कातले. 1935 मध्ये त्यांनी ठरवले की दिवसाचे आठ तास कातायचे आणि चरखा संघाच्या दराने त्याचे जे पैसे होतील त्यातच आपला निर्वाह बसवायचा. अन्न काय घ्यायचे, किती घ्यायचे, त्याचे त्या दिवसाच्या भावाने काय पडते, हे मांडून पाहायचे. सराईत, शिस्तीचा, अत्यंत कमी गरजांचा कातणारा आठ तास राबूनही त्या दरात नीट जेवू शकत नसेल, तर खोट दरातच आहे हे सिद्ध होत होते. बाई आळशी आहे, तिला नीट कातता येत नाही, ती वेळ वाया घालवते, या सबबी या प्रयोगाने एका फटक्यात बाद केल्या. ज्याला तपश्चर्या म्हणून आदराने बाजूला ठेवले जाते, ते मला पुराव्याचे काम वाटते. मजुरीचा दर हे एक विधान असते: एवढ्यात माणूस जगतो. नालवाडीत ते विधान तपासले गेले.

इथे तत्त्वज्ञ जॉन रॉल्स आठवतो. 1971 साली त्याने न्यायाची एक कसोटी सुचवली. समाजाचे नियम ठरवताना आपण श्रीमंत होऊ की गरीब, हुशार होऊ की मंद, हे आपल्याला ठाऊक नाही अशी कल्पना करा आणि मग नियम मांडा. अज्ञानाच्या त्या पडद्याआड बसलेला माणूस सर्वांत तळच्याची आधी काळजी घेईल, कारण तो तळचा आपणच असू शकतो. कसोटी सुंदर आहे, पण कल्पनेवर चालते, आणि सुखवस्तू माणसाची कल्पना भुकेच्या बाबतीत फार तोकडी पडते. संचालक मंडळाच्या खोलीत बसून तळच्या माणसाची कल्पना केली तर ती बहुधा आपल्याला सोयीची निघते. नालवाडीच्या पद्धतीत पडदाच नाही. दर ठरवण्यात ज्याचा शब्द चालतो त्याने त्या दरावर राहून पाहायचे. कांटच्या कर्तव्यवादाची आज्ञाही यात येते, कारण माणसाला केवळ साधन म्हणून वापरायचे नाही. ॲरिस्टॉटलचा सद्गुणविचारही येतो, कारण अशा जगण्याने निर्णय घेणाऱ्याची नजर घडते. हे तीन-चार सिद्धांत वर्गात एकमेकांशी भांडत असतात. निर्णय घेणारा स्वतःच्या निर्णयाखाली राहायला आला की त्यांच्यातली बरीच भांडणे मिटतात.

गांधींनी 1935 मध्येच हा विषय 'हरिजन'मधून लावून धरला. आठ तासांना आठ आणे हा त्यांच्या मनातला आकडा होता. चरखा संघाच्या अनेक प्रांतिक कार्यकर्त्यांना तो अशक्य वाटला आणि तो लगेच गाठताही आला नाही. पण ऑक्टोबर 1935 मध्ये वर्ध्याला संघाने जो ठराव केला त्यात एक मूलभूत उलथापालथ आहे. आठ तासांच्या कार्यक्षम कामाला किमान एवढी मजुरी मिळाली पाहिजे की शास्त्रीय मापाने ठरलेले किमान अन्न आणि वर्षाला 20 वार कापड त्यातून भागेल, आणि पुढे सगळ्या कुटुंबाचा निर्वाह होईल इतकी ती वाढत जावी, असा त्याचा आशय आहे. मजुरी रुपया-आण्यांत न बांधता वारांत आणि अन्नाच्या मापात बांधली. तोवर कापडाच्या भावातून मजुरी निघत होती, आता मजुरीतून कापडाचा भाव निघणार होता. या प्रकरणात मला जे सांगायचे आहे ते या क्रमाबद्दल आहे. व्यवसायातला नैतिक निर्णय किती औदार्य दाखवले यावरून ओळखू नये. हिशेबाच्या कागदावर पहिल्या ओळीत काय लिहिले आणि शेवटच्या ओळीत काय ढकलले, यावरून ओळखावा.

कार्यक्षम कामाची अटही ठरावात होती आणि ती उचित होती. पण ती दोन्ही बाजूंना बांधणारी होती. कातणारीने चांगले कातायचे तर तिला चांगला पेळू, सरळ चाती आणि शिकवणारा माणूस देणे संघाचे काम ठरते. जी जोखीम गुपचूप तिच्याकडे सरकली होती ती काही अंशी परत संस्थेकडे आली.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप जुनाच आहे: दर वाढला की मागणी घटते आणि ज्याचे भले करायचे तोच मरतो. खादी महाग झाली हे खरेच आहे, आणि स्वस्त कापडासाठी खादी घेणारे ग्राहक दुरावले असतील तर त्यात नवल नाही. हा आक्षेप भाबडेपणाने उडवून लावता येत नाही. पण त्याची तर्करचना पाहावी. अपुरी मजुरी दिली नाही तर धंदा चालत नाही, याचा अर्थ त्या धंद्याचा काही खर्च आजवर कामगार आपल्या शरीरातून भरत होता. ग्राहकाला मिळणारी स्वस्ताई ही त्याने नकळत घेतलेली देणगी होती, आणि देणगी देणारी बाई त्याच्याहून गरीब होती. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच टोकाला येऊन निर्णय दिला. क्राउन ॲल्युमिनियमच्या 1957 च्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही. 1982 साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात तर किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेले काम हे संविधानाच्या 23 व्या कलमाखाली वेठबिगारच आहे असे ठरले. धंदा बुडण्याची भीती न्यायालयाला ठाऊक नव्हती असे नाही. त्या भीतीचा भार कुणी वाहायचा, एवढेच त्याने ठरवले.

दुसरा आक्षेप विनोबांच्या प्रयोगावरच आहे. ब्रह्मचारी माणसाने स्वतःहून घेतलेली गरिबी ही गरिबी नव्हे. त्याला मूल नाही, सावकार नाही, आजारी पडला तर सारे वर्धा धावून येईल, आणि वाटेल तेव्हा तो प्रयोग थांबवू शकतो. हे मान्य केलेच पाहिजे. गरिबीतली भीती त्या प्रयोगात नव्हती. पण म्हणून प्रयोगाचा निष्कर्ष सैल होत नाही, उलट घट्ट होतो. सर्वांत अनुकूल परिस्थितीतल्या माणसालाही जो दर पुरत नाही, तो पोराबाळांच्या बाईला कसा पुरेल? प्रयोगाने दर अपुरा आहे एवढे सिद्ध केले. किती असावा हे सिद्ध करायला कातणाऱ्या बायांनाच विचारायला हवे होते, आणि त्या काळच्या ठरावांत त्यांचा स्वतःचा आवाज फार कमी ऐकू येतो. ही उणीव मोठी आहे.

तिसरा आक्षेप पैशाच्या उगमाचा. हा सारा संसार जमनालाल बजाजांसारख्या व्यापाऱ्याच्या दानावर उभा होता, मग त्याला व्यवसायाचे उदाहरण कसे म्हणायचे? इथे जमनालालांच्या व्यवहारातलीच एक गोष्ट उपयोगी पडते. कापसाच्या गाठींवर पाणी मारून वजन वाढवण्याची चाल तेव्हा बाजारात होती. ती त्यांनी आपल्या पेढीत बंद केली आणि पुढे त्यांच्या गाठींना बाजारात जास्त भाव मिळू लागला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट फार आवडेल: सचोटी फायद्याची असते. पण या धड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. पाणी मारलेला कापूस गिऱ्हाइकाला शेवटी कळतो, म्हणून सचोटीला भाव मिळतो. कातणारीची भूक गिऱ्हाइकाला कापडात कधीच दिसत नाही, म्हणून तिथल्या न्यायाला बाजार भाव देत नाही. नीती फायद्याची आहे म्हणून पाळायची असेल तर फायदा संपतो तिथे तीही संपेल. जमनालालांचे मोठेपण मला पाण्याच्या गोष्टीत कमी आणि इतरत्र अधिक दिसते. 1928 साली वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्यांना खुले केले, आणि त्यात व्यापारी म्हणून मिळवण्यासारखे काही नव्हते. आयुष्याच्या अखेरीला ते नालवाडीजवळ गोपुरीत साध्या झोपडीत राहून गोसेवेच्या कामाला लागले होते. तरीही आक्षेपाचा गाभा शिल्लक राहतोच. धनिकाने स्वतःला संपत्तीचा विश्वस्त मानावे, ही गांधींची विश्वस्तवृत्तीची कल्पना विश्वस्ताच्या मर्जीवर टिकते. दांतवाला, नरहरी परीख आणि किशोरलाल मशरूवाला यांनी विश्वस्ततेचा जो मसुदा तयार केला त्यात ही मर्जी कायद्याने नियंत्रित करण्याची आणि किमान व कमाल उत्पन्न ठरवण्याची तरतूद सुचवली होती. तो भाग भाषणांत सहसा गाळला जातो.

नालवाडीतला याहून अवघड पेच मात्र चर्मालयाचा होता. विचार असा: कत्तलीचे कातडे वापरायचे नाही, आपोआप मेलेल्या जनावराचे वापरायचे. खेड्यात मेलेले ढोर ओढून टाकले की कातडे अर्धवट कुजते, हाडे आणि मांस वाया जाते. ते शास्त्रशुद्ध पद्धतीने कमावले तर अहिंसा साधते, पैसा येतो आणि घाणेरडे मानलेले काम प्रतिष्ठेचे होते. परिणाम, कर्तव्य, सद्गुण, कोणत्याही मापाने पाहा, उद्योग निर्दोष वाटतो. कार्यकर्ते स्वतः चुन्याच्या हौदात हात घालत होते, ही त्यातली थोर गोष्ट. पण याच विदर्भात, याच कामाबद्दल, एक वेगळा आवाज उठत होता. महाडच्या 1927 च्या परिषदेपासून डॉ. आंबेडकर मेलेले ढोर ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडा असे सांगत होते. त्यावर वर्तमानपत्रातून कुणी हिशेब मांडला की कातडे, शिंगे, हाडे यांतून महारांना वर्षाकाठी काही शे रुपये मिळतात, ते बुडतील. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात आंबेडकरांनी हा प्रसंग सांगितला आहे. त्यांचे उत्तर असे की एवढा फायदा असेल तर हिशेब मांडणाऱ्यांनीच ते काम करावे, पैसे मी देतो.

या उत्तराने चर्मालयाच्या विचारातली फट नेमकी दाखवली. तिथे प्रश्न मजुरीचा नव्हता, नकाराचा होता. कामाचा दाम योग्य आहे का हे विचारण्याआधी, हे काम नाकारायची मोकळीक माणसाला आहे का, हे विचारावे लागते. जन्माने लादलेले काम स्वच्छ केले, त्याचे पैसे वाढवले, त्याची स्तुती केली, तरी ते लादलेलेच राहते. आश्रमातला कार्यकर्ता कातडे कमावतो तेव्हा तो जातीची भिंत मोडतो. गावातला महार तेच करतो तेव्हा ती भिंत शाबूत राहू शकते. कृती एकच, नैतिक अर्थ उलटा. म्हणून हिशेबाच्या कागदावर मजुरीच्याही आधी एक ओळ येते, आणि ती भरण्याचा अधिकार काम देणाऱ्याला नाही. या मुद्द्यावर मी निःशंकपणे आंबेडकरांच्या बाजूचा आहे, आणि तरी नालवाडीच्या चर्मालयाला मी खोटे म्हणणार नाही. ज्यांना ते काम नाकारता येत होते त्यांनी ते स्वीकारले, एवढा अर्थ त्याचा नक्कीच होता.

राहिला अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन. 1970 मधल्या त्याच्या लेखाचे म्हणणे असे की कंपनीचा व्यवस्थापक हा भागधारकांचा नोकर आहे, आणि दुसऱ्याच्या पैशाने समाजसेवा करण्याचा अधिकार त्याला नाही. दानाबद्दल त्याचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. पण वर्ध्याचा ठराव दानाचा नव्हताच. दान नफा मोजून झाल्यावर येते, मजुरी त्याआधी. आपल्या 2013 च्या कंपनी कायद्याचे 135 वे कलम मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगते. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचा खर्च त्याचे नियम यात धरत नाहीत. ते योग्यच आहे, कारण ते देणे वेगळ्या खात्यातले आहे. अडचण अशी की वार्षिक अहवालात दोन टक्क्यांची छायाचित्रे पानभर असतात आणि कंत्राटी कामगाराच्या दिवसाचा दर कुठेच नसतो.

वारांत आणि अन्नात मजुरी मोजण्याची वर्ध्याची रीत पुढे देशाच्या धोरणात दिसते. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी 2700 कॅलरी अन्न आणि माणशी वर्षाला 18 वार कापड धरले, शिवाय घरभाडे आणि इंधन. 1991 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के जोडायला सांगितले. जानेवारी 2019 मध्ये केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 2400 कॅलरी, 50 ग्रॅम प्रथिने आणि 30 ग्रॅम स्निग्ध पदार्थ धरून देशासाठी दिवसाला 375 रुपये काढले. त्याच वर्षी केंद्राने किमान वेतनाची राष्ट्रीय तळरेषा जाहीर केली ती 178 रुपयांची, आधीच्या 176 वर दोन रुपये वाढवून. 375 चा आकडा अन्नापासून सुरू करून वर चढत गेला होता. 178 चा आकडा मागच्या आकड्यावरून आला. हा दुसरा आकडा ठरवणाऱ्यांपैकी कुणी त्या पैशात महिनाभर राहून पाहिले असते, तर 1935 च्या ठरावाप्रमाणे हिशेब पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडावा लागला असता.